उपासनेनंतरचा चहा आणि मंडळीचे शरीर

चर्चमधली रविवारची उपासना संपते, आशीर्वचन होते, आणि पाळकसाहेब दाराशी उभे राहून हस्तांदोलन करीत असतानाच मागच्या हॉलमध्ये स्टीलच्या मोठ्या किटलीतून चहा ओतायला सुरुवात होते. चहा आधीच गोड केलेला असतो, आणि तो इतका गोड असतो की कपाच्या तळाशी चिकट रेघ राहते. सोबत क्रीमरोल किंवा खारी, कुणाचा वाढदिवस असेल तर केक, आणि कुणी नवी गाडी घेतली असेल तर पॅटिस. गेल्या वर्षी पुण्यातल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांच्या, पंचांच्या सभेत मी एक साधी सूचना मांडली की साखर चहात न उकळता वेगळी ठेवावी, म्हणजे ज्याला हवी तो हवी तेवढी घेईल. त्याच सभेत हॉलच्या गळक्या छपराचा विषय दहा मिनिटांत निकाली निघाला होता. साखरेवर चाळीस मिनिटे चर्चा झाली. अखेर एका ज्येष्ठ सभासदांनी, जे स्वतः दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचून घेतात, विचारले की आपण इथे आत्म्याच्या गोष्टी बोलायला येतो की साखरेच्या?

प्रश्न चेष्टेचा होता. सगळे हसले, मीही हसलो. पण घरी परतताना लक्षात आले की मराठी ख्रिस्ती समाजाची शरीराविषयीची सगळी भूमिका त्या एका वाक्यात आली होती. आत्मा हा मंडळीचा विषय आणि शरीर हा डॉक्टरांचा. शरीर बिघडले की आपण प्रार्थना करतो, आजाऱ्याच्या घरी फळे घेऊन जातो, इस्पितळाच्या बिलासाठी वर्गणी काढतो, आणि हे सगळे मनापासून करतो. ते बिघडू नये म्हणून मंडळी या नात्याने मात्र काहीच करीत नाही, उलट दर रविवारी त्या बिघाडाला थोडा हातभार लावतो. शरीराची निगा हा ख्रिस्ती विश्वासाचाच भाग आहे, यावर हल्ली तरुण संघांमध्ये उत्साहाने बोलले जाते, आणि ते मला मान्य आहे. माझा आग्रह त्याच्या पुढचा आहे. ही निगा एकेकट्या माणसाच्या इच्छाशक्तीवर सोपवून मंडळीला मोकळे होता येणार नाही. आपला स्वयंपाक आणि आपले वेळापत्रक बदलण्याची तयारी नसेल, तर पुलपिटवरून व्यायामाचा उपदेश करण्याचा अधिकार तिला पोहोचत नाही.

शरीराविषयीची ही उदासीनता काही अंशी आपल्या शब्दांतून आली आहे, असे मला वाटते. मराठी पवित्र शास्त्र ऐकत वाढलेल्या माणसाच्या कानावर लहानपणापासून ‘देहवासना’, ‘देहस्वभाव’, ‘देहाची कर्मे’ असे शब्द पडत असतात, आणि देह म्हणजे काहीतरी लाजिरवाणे, दाबून टाकण्यासारखे, ही समजूत नकळत पक्की होते. बायबलच्या नव्या करारातली पुष्कळ पत्रे ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषित पौलाने मात्र दोन निरनिराळे ग्रीक शब्द वापरले आहेत. ‘सार्क्स’ हा शब्द तो पुष्कळदा देवाकडे पाठ फिरवलेल्या मनुष्यस्वभावासाठी वापरतो, आणि गलतीकरांच्या पत्रात त्याने देहाच्या कर्मांची जी यादी दिली आहे तीत हेवा, कलह, राग, तट हेही आहेत, ज्यांचा हातापायांशी फारसा संबंध नाही. ज्याला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे ते ‘सोमा’, म्हणजे आपले हे हाडामांसाचे शरीर. मराठीत शरीर आणि देह हे रोजच्या बोलण्यात एकाच अर्थाचे शब्द असल्यामुळे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी आला. शिवाय देह नश्वर, आत्मा अमर, ही सबंध मराठी मुलखाची शिकवण आपल्या पणजोबांनी धर्मांतर करताना मागे ठेवली नव्हती. ती सामानाबरोबर आली.

वास्तविक ख्रिस्ती श्रद्धेइतका शरीराचा मान राखणाऱ्या श्रद्धा थोड्याच असतील. पहिल्या काही शतकांत जडसृष्टी आणि शरीर मुळातच अशुद्ध मानणारे ज्ञानवादी पंथ उठले तेव्हा मंडळीने त्यांना पाखंडी ठरवले, कारण शब्द देही झाला, म्हणजे देव मनुष्य झाला, हे योहानाच्या शुभवर्तमानातले विधान सोडले की नाताळच उरत नाही. दर रविवारी विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, म्हणताना आपण शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचे मोठ्याने सांगतो आणि लगेच बाकावर बसून पुढची तासभर आत्म्याचीच चिंता करतो. एलीयाची गोष्ट घ्या. ईजबेल राणीच्या धाकाने रानात पळालेला, झुडपाखाली मरण मागत पडलेला हा संदेष्टा. त्याच्याकडे देवदूत येतो तो उपदेश घेऊन येत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवतो. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून जेवू घालतो, आणि मग तो होरेब पर्वतापर्यंतची चाळीस दिवसांची वाट चालतो. हिंजवडीहून रात्री साडेनऊला घरी पोहोचून सकाळच्या मीटिंगच्या काळजीत जागणाऱ्या आमच्या मंडळीतील मुलांना हा अध्याय कुणीतरी झोप, जेवण आणि चालणे या क्रमाने समजावून सांगायला हवा.

शरीर हे मंदिर आहे या वचनाचे हल्ली जे होते ते मात्र मला खटकते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील हे वचन व्यायामशाळेच्या भिंतीवर शोभावे तसे वापरले जाते, जणू पौलाने ते दंडाच्या स्नायूंसाठी लिहिले. त्या अध्यायाचा संदर्भ जारकर्माचा आहे. शरीराने काय केले त्याचा आत्म्याशी संबंध नाही, असे मानणाऱ्या करिंथच्या लोकांना पौल तिथे उत्तर देतो आहे. त्यावरून आरोग्याचा निष्कर्ष काढता येतो, पण तो एक पायरी चढून काढावा लागतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘तुमचे’ हे सर्वनाम तिथे अनेकवचनी आहे, आणि त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर देवाचे मंदिर म्हणजे सबंध मंडळी असेच म्हटले आहे. मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थी एकवचनही असते, त्यामुळे आपण हे वचन आपापल्या छातीवर हात ठेवून वाचतो, माझे शरीर, माझे वजन, माझी पावले, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाचे शरीर आपल्या हिशेबात येत नाही. एक अवयव दुखावला तर सगळे अवयव दुखावतात, हे वाक्यही त्याच पत्रातले आहे.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हा उपदेश करावा लागला नाही याचे कारण त्या फार धार्मिक होत्या असे नसून त्या चालत होत्या. पुण्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळांची मुळे नगर आणि जालना भागात आहेत. तिथले प्रचारक एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जात, आणि बायबल वुमन म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया खांद्याला पिशवी अडकवून वस्त्यांवर फिरत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना अक्षरओळखीबरोबर शेती आणि हातमाग शिकवला. प्रार्थना आणि अंगमेहनत हे तिथे एकाच दिवसाचे दोन भाग होते. ज्वारीची भाकरी, कालवण, क्वचित मटण. आता आमच्या मंडळीत असे सभासद आहेत जे देवळापासून आठशे मीटरवर राहतात आणि स्कूटरवर येतात, आणि पार्किंगवरून भांडण झाल्यामुळे प्रभुभोजन चुकवतात. (यात अतिशयोक्ती नाही. एकदा झाले आहे.) भाकरीची जागा पांढऱ्या पावाने आणि भाताने घेतली, क्वचितचे मटण दर रविवारची बिर्याणी झाले, आणि नाताळचा फराळ करंजी, चकली, शंकरपाळ्यांपासून केकपर्यंत डिसेंबरभर चालू राहतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आमच्या हॉलमध्ये किटलीभोवती उभ्या असलेल्या घोळक्यावर नजर फिरवली तर हे आकडे वाचावेही लागत नाहीत.

विश्वास आणि व्यायाम यांची सांगड घालण्याचा एक मोठा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाला. 1844 साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना सुरू केली ती दुकानांत राबणाऱ्या तरुणांच्या प्रार्थनेसाठी आणि बायबल अभ्यासासाठी. पुढे शरीर, मन आणि आत्मा यांचा त्रिकोण हे तिचे चिन्ह झाले, आणि तिच्याच स्प्रिंगफील्ड येथील प्रशिक्षण शाळेत 1891 साली जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधून काढला. चार वर्षांनी वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल. भारतात हॅरी बक यांनी 1920 साली मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले, आणि शाळांतून पीटी शिकवणाऱ्या मास्तरांची परंपरा पुष्कळ अंशी तिथून निघाली. या चळवळीत साम्राज्याची मर्दुमकी मिसळलेली होती, दुबळ्यांविषयी तुच्छताही होती, आणि ती जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. पण पुण्याच्या संदर्भात तिने एक उपयोगी काम केले. पेठांतल्या तालमी, मग ती चिंचेची तालीम असो की नगरकर तालीम, मारुतीच्या छायेत वाढल्या. लाल मातीत उतरण्यापूर्वी मारुतीला नमस्कार घालायचा असे, आणि ख्रिस्ती घरातला मुलगा तिथे गेलाच तर संकोचून उभा राही. त्याला क्वार्टर गेटजवळची वायएमसीए, कॅम्पातली फुटबॉल आणि हॉकीची मैदाने जवळची वाटली. याच शहरातल्या मराठी ख्रिस्ती घरात जन्मलेले चंदू बोर्डे भारताच्या कसोटी संघाचे आधारस्तंभ झाले. त्यांच्या आधी सांगलीचे विजय हजारे. धर्मवार संघांच्या पंचरंगी क्रिकेट स्पर्धेत ख्रिस्ती आणि इतरांच्या ‘द रेस्ट’ संघातर्फे खेळताना त्यांनी संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्याने केल्या होत्या, आणि 1952 साली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते. ही नावे आम्ही संमेलनांत अभिमानाने घेतो. त्यांच्या मागे रोज पहाटेचा सराव होता याचा उल्लेख सहसा होत नाही.

याहून शांत आणि मला अधिक बोलके वाटणारे उदाहरण औंध रस्त्यावर आहे. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे स्पायसर महाविद्यालय (आता विद्यापीठ) 1942 पासून पुण्यात आहे. त्या पंथात आरोग्य हा 1863 पासून शिकवणुकीचा भाग मानला जातो: तंबाखू नाही, दारू नाही, शक्यतो शाकाहार, आणि शनिवारी पूर्ण विसावा. कॅलिफोर्नियातील अॅडव्हेंटिस्टांचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे; 2001 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिथले अॅडव्हेंटिस्ट पुरुष इतर गोऱ्या कॅलिफोर्नियाकरांपेक्षा सुमारे सात वर्षे आणि स्त्रिया सुमारे चार वर्षे अधिक जगतात. त्यांच्या शनिवारविषयीच्या मताशी मी सहमत नाही आणि मटण सोडण्याचा माझा विचार नाही. पण या माणसांची इच्छाशक्ती तुमच्याआमच्यापेक्षा पोलादी असते असे मानायला जागा नाही. त्यांच्या समाजाच्या जेवणात सिगारेट आणि दारू मुळात नसतेच, आठवड्यातून एक दिवस काम बंद असते, आणि शेजारीपाजारी सगळे तसेच वागत असल्यामुळे चांगली सवय पाळायला कुणाला शूर व्हावे लागत नाही. मी मंडळीच्या स्वयंपाकाविषयी बोलतो ते या कारणाने.

या विषयाला एक काळी बाजूही आहे, आणि ती दडवून आरोग्याची तरफदारी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी काही वर्षांपूर्वी एका आरोग्यप्रार्थनेच्या सभेनंतर रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या, कारण गोळी घेणे म्हणजे अविश्वास असे त्यांना सांगण्यात आले होते. अर्धांगाचा झटका आल्यावर, त्यांचा विश्वास कमी पडला असे सांगण्यात आले. निरोगी शरीर हा आशीर्वादाचा पुरावा मानला की आजारी माणूस आपोआप आरोपी ठरतो. जन्मांध माणसाकडे पाहून पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. पौल स्वतः शरीरातला काटा घेऊन जगला, सहकारी त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेत शहरात ठेवून त्याला पुढे जावे लागले, आणि आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटासाठी त्याने थोडा द्राक्षारस सुचवला. यात कुठेही विश्वास कमी पडल्याचा ठपका नाही. व्यायामाचा ख्रिस्ती प्रचार करणाऱ्यांनी हे अध्याय रोज वाचावेत. नाहीतर वजनकाटा हा नवा न्यायासन होईल, आणि थायरॉइडने जाड झालेली, संधिवाताने वाकलेली, रात्रपाळीने पिंजलेली माणसे मागच्या बाकावर सरकतील. त्याच तीमथ्याला पौल सांगतो की शरीराच्या कसरतीचा लाभ थोडासा आहे आणि सुभक्तीचा सर्व बाबतींत. आळशी लोक यातला ‘थोडासा’ धरून बसतात, व्यायामवीर ‘लाभ’ धरतात. मला वाटते दोन्ही शब्द एकत्र वाचले की बाब आपल्या जागी बसते.

योगासनांचा वाद मी लांबवणार नाही. पुणे हे बी. के. एस. अय्यंगारांचे शहर; इथे प्रत्येक ख्रिस्ती घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतो. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याविषयी पौलाने जो निवाडा दिला तोच इथे लागू करावा, असे माझे मत आहे: ज्याच्या विवेकाला आसने टोचत नाहीत त्याने ती करावीत, ज्याच्या विवेकाला टोचतात त्याला दुसऱ्याने हिणवू नये. मात्र सूर्यनमस्काराला तत्त्वासाठी नकार देणारे आमचे पुष्कळ बांधव दोरीच्या उड्यांना, पोहण्याला आणि पर्वती चढण्यालाही तितक्याच निष्ठेने नकार देतात, तेव्हा तत्त्व नेमके कोणते असा प्रश्न पडतो.

रविवारच्या धावण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. 1983 पासून चालत आलेल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनसह शहरातले धावण्याचे बहुतेक मोठे कार्यक्रम रविवारी सकाळी असतात, आणि तरुण मुले उपासनेला येत नाहीत म्हणून पंच नाराज असतात. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल त्या शर्यतीतून बाहेर राहिला आणि चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकला. हे उदाहरण आम्ही मुलांच्या तोंडावर फेकतो. फेकण्यापूर्वी एवढे आठवावे की लिडेल इतर दिवशी धावत होता. मुलांना रविवारी थांबवायचे असेल तर मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे त्यांच्याबरोबर रेसकोर्सला किंवा तळजाईला कोण जाणार, हे आधी ठरवावे. वर्षातून एखाद्या रविवारी संध्याकाळची उपासना ठेवली तरी आकाश कोसळणार नाही.

मग मंडळीने करावे काय? व्यायामशाळा काढू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रे धूळ खातात आणि किल्लीवरून गट पडतात. प्रत्येक मराठी मंडळीत चार-पाच तरी परिचारिका असतात, निवृत्त किंवा नोकरीतल्या. आमच्या समाजाने या शहराच्या इस्पितळांना दिलेले ते मोठे देणे आहे, आणि मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली इस्पितळ सुरू केले तेव्हापासूनच्या वैद्यकीय सेवेच्या परंपरेचा तो एक धागा आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर त्यांच्यापैकी दोघींनी रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर आणि एक साधी मोजपट्टी घेऊन बसावे. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची 80 सेंटीमीटरच्या वर गेली की धोका वाढतो. हे सांगायला संदेश लागत नाही, टेप लागतो. मात्र ज्या परिचारिकेची आदली रात्र ड्यूटीवर गेली आहे तिला त्या दिवशी बसवू नये, तिला घरी पाठवून झोपू द्यावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभेला, चालत जाण्याची प्रथा एका वाडीने जरी पुन्हा सुरू केली तरी त्यातला बराच हिशेब पुरा होतो, आणि वाटेत एकमेकांशी बोलणे होते ते वेगळेच. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आपण जे सोडतो त्याविषयीही थोडे नेमके व्हावे. उपवास हे डाएट नव्हे. यशया अठ्ठावन्नाव्या अध्यायात भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे हाच उपवास म्हणतो. पण चाळीस दिवस मंडळीने क्रीमरोल बंद ठेवून ते पैसे एखाद्या कुटुंबाच्या औषधांसाठी दिले, तर दोन्ही बाजूंचे शरीर सांभाळले जाईल.

पुण्यात ख्रिस्ती चहाला इतिहास आहे, हे मी त्या सभेत सांगून पाहिले. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानात टिळक आणि रानडे यांनी चहा घेतला म्हणून सबंध शहर पेटले होते, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले होते. त्या चहात साखर किती होती याची कुणी चौकशी केली नाही, असे एका पंचांनी ताबडतोब सुनावले. शेवटी तडजोड म्हणून दोन किटल्या ठेवायचे ठरले. बिनसाखरेच्या किटलीला ओळख म्हणून चहा करणाऱ्या मावशींनी हिरवी लोकरीची दोरी बांधली आहे, आणि पहिल्या महिन्यात त्या किटलीकडे जाणारी माणसे आजूबाजूला पाहून मग कप पुढे करीत. इन्सुलिन घेणारे ते ज्येष्ठ सभासद अजून पहिल्याच किटलीतून घेतात, पण अर्धा कप. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हंगामाच्या सणाचे प्रीतिभोजन आहे. तिथे मी बिर्याणीबरोबर भाकरी आणि पालेभाजी ठेवण्याची सूचना मांडणार आहे. छप्पर पुन्हा गळू लागले आहे, त्यामुळे वेळ किती मिळेल ते पाहायचे.